ओबातालाची माणसं

ओबातालाने त्या दिवशी ताडी घेतली होती. योरुबा लोकांच्या पुराणात माणसांची शरीरं मातीतून घडवायचं काम या देवाकडे आहे. शरीर तो घडवतो आणि सगळ्यांच्या वर असलेला ओलोदुमारे त्यात प्राण घालतो. कामाच्या भरात तहान लागली, ताडी जरा जास्त झाली आणि हात सैलावला. त्या दिवशी घडलेल्यांपैकी कुणाच्या पाठीला कुबड आलं, कुणाचा पाय आखूड राहिला, कुणाच्या कातडीत रंगच उतरला नाही. नशा उतरल्यावर ओबातालाने आपल्या हातची ती माणसं पाहिली. त्याने ती मोडून पुन्हा माती मळली नाही. ही माझी माणसं, असं म्हणाला आणि ताडी कायमची सोडली. आजही ओबातालाचे उपासक ताडीला शिवत नाहीत. जन्मतः वेगळं शरीर घेऊन आलेल्या माणसाला त्या देवाचा माणूस म्हणून मान द्यायचा, त्याची टिंगल करायची नाही, असा त्यांचा दंडक आहे.

ही कथा मला पहिल्यांदा कळली तेव्हापासून मी तिच्यापासून दूर जाऊ शकलेले नाही. अपंग मूल जन्माला आलं की आपल्याकडे गेल्या जन्मीचं पाप काढतात, आईच्या डोहाळ्यांचा हिशोब मांडतात, ग्रहण कुणी पाळलं नाही ते शोधतात. दोष फिरून फिरून त्या मुलाच्या नाहीतर त्याच्या आईच्या पदरात पडतो. योरुबांनी तो उचलून देवाच्या पदरात टाकला. घडवणाराच चुकला, आणि चुकलेल्या कामाची जबाबदारी त्यानेच घेतली. नायजेरियाच्या नैर्ऋत्येला, शेजारच्या बेनिन आणि टोगोमध्ये राहणाऱ्या या काही कोटी लोकांच्या विचारातून गेल्या साठ-सत्तर वर्षांत जी कला उभी राहिली, तिच्याकडे मी याच कथेच्या वाटेने जाते. दुसऱ्या वाटाही आहेत. मला ही सापडली.

लागोसला आम्ही नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं होतो. तिथून ईशान्येला चार-पाच तासांवर ओशोग्बो नावाचं गाव आहे आणि गावाच्या कडेला ओशून नदीची देवराई. ओशून ही नदीही आणि देवीही. पंचाहत्तर हेक्टरांचं दाट रान, मधून वळणं घेत जाणारी नदी, झाडांवर माकडं आणि झाडांखाली सिमेंटचे देव. २००५ साली युनेस्कोने ही देवराई जागतिक वारशात घेतली. दर ऑगस्टमध्ये जत्रा भरते. एक कुमारिका डोक्यावर देवीचा झाकलेला भोपळा घेऊन राजवाड्यापासून नदीपर्यंत चालत जाते आणि तिच्यामागे हजारो माणसं.

या रानातल्या मूर्ती पाहताना डोळ्यांना आधी सराव करावा लागतो. हात प्रमाणाबाहेर लांब, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, अंगावर शेवाळ, कुठे सिमेंट उडून आतली लोखंडी सळई दिसतेय. भिंती जमिनीतून उगवल्यासारख्या लाटा घेत जातात आणि मध्येच त्यांना तोंड फुटतं. सुबक म्हणावं असं इथे काहीच नाही. आणि तरीही त्या झाडोऱ्यात त्या आकृत्यांसमोर उभं राहिलं की आपल्याकडे कुणीतरी लक्ष देऊन पाहतंय असं वाटत राहतं.

१९५०च्या दशकात ही देवराई मरायला टेकली होती. झाडं तुटत होती, देवळांच्या भिंती वाळवीने पोखरल्या होत्या. गावातली शिकलेली माणसं चर्चला नाहीतर मशिदीला जाऊ लागली होती आणि देवीचे पुजारी म्हातारे होत चालले होते. त्या सुमाराला सुझान वेंगर तिथे आली. ती ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावची, जन्म १९१५चा, शिक्षणाने चित्रकार. १९५० साली नवरा उली बायर याच्याबरोबर ती नायजेरियाला आली आणि क्षयाने अंथरुणाला खिळली. एडे गावचा ओबातालाचा पुजारी अजागेमो याने तिला त्यातून उठवलं आणि पुढे त्या देवाची दीक्षाही दिली. लोक तिला आदुन्नी म्हणू लागले. २००९ साली ती ओशोग्बोतच गेली.

तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण तिच्यापाशीच थांबतात. गोरी बाई, आफ्रिकी देव, जंगल, एवढ्यावर लेख पुरा होतो. मला तिच्याहून जास्त ओढ आहे ती अदेबिसी अकांजीची. हा गवंडी होता. ब्राझीलमधल्या गुलामगिरीतून सुटून परत आलेल्या लोकांनी जी घरं बांधली, त्यांच्या छपरांवर आणि कठड्यांवर सिमेंटचे सिंह बसवायची पद्धत त्या भागात पडली होती. बायरने गावातल्या गवंड्यांना तसे प्राणी करून आणायला सांगितलं, त्यात अकांजीचा हात वेगळा दिसला. पुढे त्याने सिमेंटच्या आरपार जाळ्या केल्या, त्यांत माणसं, घोडे, बाजार, गोष्टी गुंफल्या. त्यातली एक जाळी तर गावातल्या पेट्रोल पंपाभोवती उभी राहिली. देवराईतल्या मोठ्या भिंती आणि देवळं त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या हातची आहेत. कसाली अकांग्बे लाकूड कोरायचा, बुराइमोह ग्बादामोसी दगडात काम करायचा. कुणाच्याही पाठीशी कलाशाळा नव्हती. वेंगरने त्यांना चित्र काढून देऊन त्याबरहुकूम करून घेतलं नाही. ज्याच्या हाताला जी चाल होती, ती त्याने चालायची.

एका परदेशी बाईने दुसऱ्यांचे देव नव्याने घडवावेत का, हा प्रश्न नायजेरियातच पुष्कळांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. जुन्या मातीच्या देवळांचं रूप इतकं बदलायची गरज नव्हती असं म्हणणारे तिथे आजही भेटतात. मी मात्र रानात फिरताना गवंड्याच्या थापीच्या खुणा बघत होते. योरुबांमध्ये काम करणाऱ्या माणसाजवळून मुकाट्याने पुढे जात नाहीत. कामाला असलेल्याला कामाचा म्हणून वेगळा रामराम घालतात, बसलेल्याला बसल्याचा, प्रवासातून आलेल्याला प्रवासाचा. त्या संस्कृतीत गवंडी देवाचं देऊळ घडवतो आणि कलावंत ठरतो, यात आक्रीत काही नाही.

त्याच गावात १९६२ साली नाटककार दुरो लादिपोच्या घरी म्बारी म्बायो नावाचा अड्डा सुरू झाला. तिथल्या कार्यशाळांमधून ट्विन्स सेव्हन सेव्हन, जिमोह बुराइमोह, मुराइना ओयेलामी, रुफस ओगुंडेले असे चित्रकार पुढे आले. त्याआधी वर्षभर इबादानला पहिला म्बारी क्लब निघाला होता, त्यात वोले शोयिंका आणि चिनुआ अचेबे हे लेखक होते. त्याच वर्तुळातल्या ‘ब्लॅक ऑर्फियस’ नियतकालिकाने आपल्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझाच्या चित्रांवरही लिहिलं होतं. गोव्यात जन्मलेला, मुंबईत वाढलेला, लंडनला गेलेला हा चित्रकार इबादानमधल्या तरुणांना आपला वाटावा हे मला फार बोलकं वाटतं. त्याचीही माणसं वेडीवाकडी, रेषांनी ओरबाडलेली, डोळे कपाळात चढलेली.

आता इवाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं काही उभं राहत नाही. इवा म्हणजे माणसाची वागणूक, त्याचं शील. योरुबांच्या म्हणीप्रमाणे शील हेच सौंदर्य. इफा या त्यांच्या मौखिक ज्ञानभांडारातली कथा अशी की ज्ञानाचा देव ओरुनमिला याने इवाशी लग्न केलं. इवा ही सूरूची, म्हणजे धीराची मुलगी. ती दिसायला देखणी, पण तिचं राहणं गबाळं. ओरुनमिला तिला बोल लावू लागला आणि शेवटी ती माहेरी निघून गेली. ती गेली तशी त्याच्याकडची माणसं गेली, पैसा गेला, मान गेला. मग तो गावोगाव, दारोदार गाणी म्हणत तिला शोधत हिंडला.

इथे दोन गोष्टी मला थांबवून ठेवतात. शीलाला या कथेने नीटनेटकं, शिस्तीचं केलं नाही, गबाळं ठेवलं. आणि ज्ञानाच्या देवाला तिला हाकलण्याचा दोष दिला. विद्वान माणूस चांगुलपणाच्या बाह्य रूपाला वैतागतो आणि सगळं गमावून बसतो. योरुबा कलेचे अभ्यासक रोलंड अबिओदुन यांनी आयुष्यभर हेच मांडलं आहे की योरुबा शिल्पाकडे फक्त आकार म्हणून बघणं अपुरं आहे. ज्याचा जो स्वभाव, तो त्याच्या घडणीत किती खरेपणाने उतरला, हे बघायचं. म्हणून म्हातारीचं शिल्प तरुण दिसू शकतं, कारण शिल्पकार तिच्या आयुष्यातला सर्वांत भरलेला काळ दाखवतो. म्हणून चेहरा शांत असतो, ओठ मिटलेले असतात, शरीर ताठ असतं. ती माणसाला दिलेली दाद असते.

पण ज्या विचाराने शील हेच सौंदर्य मानलं, त्याने कलावंतालाही त्याच मापाने मोजायला हवं. ट्विन्स सेव्हन सेव्हनची चित्रं विलक्षण आहेत. सात जुळ्यांच्या जोड्यांपैकी जगलेला मी एकटाच, असं तो सांगायचा. त्याच्या चित्रांत भुतं, देव, मासे, माणसं एकमेकांच्या पोटात शिरलेली असतात, कागदाचा कोपरा रिकामा राहत नाही. २००५ साली युनेस्कोने त्याला शांतीचा कलावंत म्हणून गौरवलं. त्याच्या अनेक बायकांपैकी एक निके डेव्हिस. त्या संसारात काय सोसलं ते तिने पुढे उघडपणे सांगितलं आहे. ती बाहेर पडली, पणजीकडून लहानपणी शिकलेलं अदिरे, म्हणजे कसाव्याच्या खळीने नक्षी झाकून नीळ चढवायचं कापड, तिने हाती धरलं आणि शेकडो मुलींना फुकट शिकवलं. लागोसच्या लेक्की भागात तिची गॅलरी आहे, मजल्यावर मजले चित्रांनी आणि शिल्पांनी गच्च. ती असली तर स्वतः निळ्या अदिरेत, डोक्याला भलंमोठं फडकं बांधून येणाऱ्याजाणाऱ्याचं स्वागत करते. चित्र विकत घ्यायची ऐपत असलेला आणि नसलेला असा भेद तिच्या बोलण्यात मला दिसला नाही. नवऱ्याची चित्रं मी मोठीच मानते. पण योरुबांच्या मापाने सुंदर कोण, याचं उत्तर त्या गॅलरीच्या दारातच मिळतं.

इले-इफे, थोडक्यात इफे, हे योरुबांचं पुरातन शहर. तिथल्या विद्यापीठात १९८९ साली मोयो ओकेडिजी, कुनले फिलानी, तोला वेवे, बोलाजी कॅम्पबेल वगैरे चित्रकारांनी ओना नावाचा गट काढला. इफेतल्या एका देवस्थानाच्या भिंती बायका दरवर्षी मातीच्या रंगांनी नव्याने रंगवायच्या. मागच्या वर्षीचं चित्र नव्याखाली जायचं, सही कुणाचीच नसायची. ओकेडिजीने त्या बायकांकडून रंग करायला शिकून घेतलं. नळीतले रंग महागले होते हेही एक कारण होतं, कारण तेव्हा देशाची चलनव्यवस्था कोसळली होती. पण ओनाच्या चित्रकारांनी त्या अडचणीतून स्वतःची भाषा केली. इफेची लाल माती कॅनव्हासवर आली. त्यांच्याबद्दल आणखी सांगण्यासारखं खूप आहे. मला त्या बायकांचा हेवा वाटतो, एवढं इथे पुरे.

डोक्याचा विषय मात्र टाळता येणार नाही. योरुबा शिल्पात डोकं शरीराच्या मानाने फार मोठं असतं, कधी चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त. दिसतं ते बाहेरचं डोकं आणि त्याच्या आत असतं ते आतलं डोकं, ओरी. माणसाचं दैव तिथे असतं, आणि दुसरा कुठलाही देव ओरीच्या संमतीशिवाय काही देऊ शकत नाही. ओबातालाने शरीर घडवलं तरी डोकं घ्यायला माणसाला अजालाकडे जावं लागतं. अजाला हा स्वर्गातला कुंभार. कारागीर म्हणून अस्सल, पण कर्जबाजारी. त्याच्या वखारीत डोकी रचून ठेवलेली असतात, काही पक्की भाजलेली, काही कच्ची, आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. तीन मित्र पृथ्वीवर यायला निघाले. दोघांनी घाईने डोकी उचलली आणि वाटेतल्या पावसात ती झिजून गेली. तिसरा अफुवापे. तो गेला तेव्हा अजाला सावकाराच्या भीतीने लपून बसला होता. अफुवापेने त्याचं कवड्यांचं कर्ज आधी फेडलं, मग अजालाने त्याला पक्कं डोकं निवडून दिलं.

गोरोबाकाकांनी थापटी घेऊन संतमेळ्यातली डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला अजाला परका वाटत नाही. फरक मात्र मोठा आहे. नामदेवांना पुढे विसोबा खेचर भेटतात आणि मडकं भाजून निघतं, गुरू ही तिथली वाट आहे. अजालाच्या गोष्टीत कुंभारच अडचणीत असतो. स्वतःचं दैव मागायला गेलेल्याने दैव घडवणाऱ्याची फाटकी बाजू आधी पाहायची असते.

ओरीसाठी घरं करायची पद्धत होती. कातड्याच्या शंकूसारख्या डबीवर कवड्या इतक्या दाट शिवलेल्या की खालचं काही दिसू नये. या कवड्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या नव्हेत. शतकानुशतकं त्या मालदीवच्या समुद्रातून, आधी वाळवंट ओलांडून आणि मग युरोपच्या जहाजांतून तिकडे गेल्या. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात जी माळ असते ती याच समुद्राच्या कवड्यांची. त्या कवड्यांनी तिकडे माणसंही विकत घेतली गेली, हेही त्यांच्याबरोबर लक्षात ठेवावं लागतं.

आणि ज्यांनी डोक्याला एवढं मानलं, त्यांच्या डोक्यांचं काय झालं ते पाहा. १९१० साली जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियस इफेला पोचला. तिथली मातीची आणि धातूची मस्तकं पाहून तो थक्क झाला, आणि मग त्याने ठरवलं की ही कुठल्यातरी हरवलेल्या ग्रीक वसाहतीची, अटलांटिसची उरलेली खूण असणार. इथल्या माणसांच्या पूर्वजांनी ती केली असतील हे त्याला मान्य करवेना. १९३८ साली इफेच्या राजवाड्याजवळ वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना धातूची मस्तकं एकामागून एक निघाली, आणि हळूहळू अटलांटिसची भाषा बंद झाली. त्यातलं एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत उभ्या बारीक रेघा, ओठांच्या कडा जरा उचललेल्या. त्याच्यासमोर उभं राहिलं की कळतं, एखाद्या माणसाचा माणूसपणा नाकारायचा असेल तर त्याच्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर करावं लागतं. विसाव्या शतकातल्या आफ्रिकी कलावंतांनी मानवतावाद हा शब्द उच्चारला तो या नकाराला उत्तर म्हणून. युरोपातून उचलून त्यांना तो वापरता आला नसता. ज्या युरोपाने तो शब्द दिला त्याच युरोपाची जहाजं माणसं भरून नेत होती.

जहाजांतून जे गेले त्यांनी देव पलीकडे नेले. क्यूबात, ब्राझीलमध्ये ओशून, शांगो, ओगून, ओबाताला ख्रिस्ती संतांच्या तसबिरींमागे लपून जगले. ब्राझीलचा आब्दियास दो नासिमेंतो नाटकवाला होता. १९४४ साली त्याने काळ्या नटांची रंगभूमी उभी केली. १९६८ साली लष्करी राजवटीमुळे देशाबाहेर गेला आणि परक्या देशात हे देव रंगवू लागला. पुढे तो इफेच्या विद्यापीठात शिकवायला आला. ज्या मुलखातून पूर्वज बेड्या घालून नेले, तिथे तो त्यांचेच देव रंगवलेली चित्रं घेऊन परतला.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा आहे रोटिमी फानी-कायोदे. जन्म १९५५, लागोसचा. इफेच्या देवस्थानाचं पुजारीपण असलेलं मानाचं घराणं, वडील राजकारणात. १९६६च्या लष्करी उठावानंतर कुटुंब इंग्लंडला पळालं. तो अमेरिकेत शिकला, १९८३ साली इंग्लंडला परत आला आणि लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या लहानशा जागेत फोटो काढू लागला. त्याने लिहून ठेवलंय की तो तीन बाजूंनी बाहेरचा होता: लैंगिकतेने, देश सुटल्यामुळे, आणि आईवडिलांना हवा होता तसा लग्न केलेला, प्रतिष्ठित व्यवसायातला मुलगा न झाल्यामुळे. १९८९च्या डिसेंबरात एड्सशी संबंधित आजारात हृदयविकाराने तो गेला. काम करायला मिळाली ती जेमतेम सहा वर्षं. तेवढ्यात ब्रिटनमधल्या काळ्या छायाचित्रकारांची ऑटोग्राफ ही संस्थाही त्याने इतरांबरोबर उभी केली.

१९८७ सालचा त्याचा एक फोटो आहे, सोनपोनाचा. सोनपोना हा देवीच्या रोगाचा देव, इतका धाकाचा की त्याचं नाव मोठ्याने घेत नसत. इंग्रज सरकारने त्याच्या पूजेवर बंदीच घातली होती. फोटोत उघडं काळं शरीर आहे, चेहरा चौकटीच्या बाहेर. अंगभर रंगाचे ठिपके. हातांत जळत्या मेणबत्त्या. १९८७ सालच्या लंडनमध्ये समलिंगी पुरुषाच्या अंगावरचा डाग म्हणजे काय होतं ते आठवून हा फोटो पाहावा. वर्तमानपत्रं त्या आजाराला शिक्षा म्हणत होती. दवाखान्यांत जेवणाची ताटं दाराबाहेर ठेवून जात होते. आणि हा पुजाऱ्याच्या घरचा मुलगा डागाळलेलं शरीर देवाच्या जागी उभं करतो. मला तो फोटो दयेचा वाटत नाही. तो हक्काचा आहे.

आपल्या कामाचं प्रदर्शन लागोसला कधी झालंच तर दंगा होईल, असंही त्याने लिहिलं होतं. नायजेरियात २०१४ पासून समलिंगी विवाहाला चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. ओबातालाच्या देशात. देवळांच्या बाबतीतही असंच. ओशोग्बोच्या मूर्ती सैतानाच्या आहेत असं रविवारी ध्वनिक्षेपकावरून सांगणारे कमी नाहीत, आणि वरच्या अंगाला चाललेल्या सोन्याच्या बेकायदा खाणींनी ओशूनचं पाणी चहासारखं गढूळ झालं आहे. म्हणून योरुबा संस्कृतीत माणसाला असा असा मान आहे, असं वर्तमानकाळात, सरसकट लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. मान सांगितला आहे, एवढंच खरं. तो दिला जात नाही तेव्हा त्याची आठवण करून द्यायचं काम या कलावंतांनी अंगावर घेतलं आहे. ओरिशांचे, म्हणजे योरुबा देवांचे, चेहरे टी-शर्टवर आणि हॉटेलच्या लॉबीत लावणारी जी कला सध्या उदंड पिकते, ती या कामातली नाही. तिला देव हवे आहेत, देवाची माणसं नको आहेत.

पेजू अलातिशेला ती माणसं हवी आहेत. ती १९७५ची, लागोसची, शिक्षणाने वास्तुरचनाकार. २०१७ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात नायजेरियाचं स्वतःचं दालन पहिल्यांदाच लागलं, त्यात तिच्या ‘फ्लाइंग गर्ल्स’ होत्या. खऱ्या उंचीच्या आठ मुली वर्तुळात उभ्या, प्रत्येकीला पंख, भोवती पक्षी आणि पानं, आणि लहान मुलींचे आवाज. तिने लिहिलेल्या सिम नावाच्या मुलीच्या गोष्टीतून त्या आल्या. सिम दहा वर्षांच्या आतबाहेरची. एका जगात ती लागोसच्या घरात मोलकरीण आहे, दुसऱ्या, स्वप्नातल्या जगात ती उडते. योरुबा लोककथांत या जगाला लागूनच दुसरं जग असतं, मुलं त्याच्या उंबऱ्यावर ये-जा करतात. अलातिशेने तो उंबरा घेतला आणि त्यावर भांडी घासणारी मुलगी उभी केली.

लागोसच्या मध्यमवर्गीय घरांत अशा मुली असतात. खेड्यातून आलेल्या, नात्यातल्या म्हणून सांगितलेल्या, मालकिणीच्या मुलांपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या. आमच्या शेजारच्या आजी निवृत्त शिक्षिका होत्या, बोलायला लाघवी, जुन्या चालीरीतींच्या जाणकार. अफुवापेची गोष्ट त्यांनीच मला रंगवून सांगितली होती. त्यांच्याकडे सुनेच्या मदतीला अशी एक मुलगी होती. तिच्या पाठीला सुनेचं बाळ कापडाने बांधलेलं असायचं. ती बाळासकट झाडायची, बाळासकट पाणी भरायची. आजींना मी एकदा टॅबलेटवर त्या पंखवाल्या मुलींचे फोटो दाखवत होते. त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो नीट पाहिला, या बाईला आपल्या गोष्टी येतात असं म्हणाल्या, आणि कौतुकाने मुलीलाही बघायला बोलावलं.

मुलगी हात पुसत आली. तिने फोटो बोटाने मोठा केला, पंख जिथे पाठीला जोडले होते तिथपर्यंत नेला आणि आजींना विचारलं, “पंख इथे लावले तर बाळ कुठे बांधायचं?”

आजींनी विचार केला. प्रश्न त्यांना अगदी रास्त वाटला होता. “खांद्याला लावायला सांगू त्या बाईला,” त्या म्हणाल्या, “म्हणजे पाठ मोकळी राहील.”